सही करण्याआधी नकाशा पाहा

गिरगावातल्या एका वाडीत राहणाऱ्या ५४ वर्षांच्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नाव आणि वाडी त्यांच्या विनंतीवरून देत नाही. पत्राचा गोषवारा असा:

लग्न होऊन त्या या चाळीत आल्या. तीन मजली जुनी इमारत, ४२ भाडेकरू, त्यांची १९० चौरस फुटांची पागडीची खोली. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला टेकू लावावे लागले. बिल्डर नव्या टॉवरमध्ये ३९० चौरस फुटांचं घर, बांधकाम होईपर्यंतचं भाडं आणि कॉर्पस (ज्याच्या व्याजातून मेंटेनन्स भागवायचा ती एकरकमी रक्कम) द्यायला तयार आहे. २९ भाडेकरूंनी संमतीपत्रावर सह्या केल्या आहेत. ८३ वर्षांच्या सासूबाई म्हणतात, "माझ्या हयातीत ही चाळ पाडायची नाही." मुलगा म्हणतो, सही करा, नवं घर विकू आणि ठाण्याला मोठं घेऊ. ठाण्यातले दीर आपल्या हिश्शाची भाषा बोलू लागलेत. पती गप्प आहेत. चाळ समितीवाले म्हणतात, सासूबाईंची समजूत तुम्हीच काढा. भाडेपावती अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. त्या लिहितात, "सही केली तर वाडी संपवण्यात माझाही हात असेल. नाही केली तर शेजाऱ्यांच्या आणि मुलाच्या आड येईन. मी काय करू?"

ताई,

तुमच्या सहीने वाडी संपेल, ही जी टोचणी तुम्हाला लागली आहे तिच्याबद्दल आधी बोलते, कारण ती मनात असताना बाकीचं काहीच नीट दिसणार नाही.

गिरगावच्या चाळी अशा का झाल्या, हे तुम्हाला आतून माहीत आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार म्हणून ते गरजेचं होतं. पण भाडं तिथेच राहिलं आणि सिमेंट, लाकूड, मजुरी वाढत गेली. मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. इमारती पडायला लागल्या तेव्हा १९६९ चा कायदा आला, दुरुस्ती मंडळ आलं, भाडेकरूंवर सेस, म्हणजे दुरुस्तीचा उपकर, बसला. तेव्हा दक्षिण आणि मध्य मुंबईत अशा १९ हजारांहून अधिक उपकरप्राप्त इमारती होत्या. आज १३ ते १४ हजार उरल्या आहेत आणि मंडळाची दुरुस्ती म्हणजे बऱ्याचदा आणखी एक लोखंडी गर्डर. दरम्यान, वाडीतल्या मुलांची लग्नं झाली, खोली पुरेना, आणि ती डोंबिवलीला, बोरिवलीला, ठाण्याला गेली. हे सगळं तुमच्या सहीच्या फार आधी घडून गेलेलं आहे. त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका.

दुसरं गृहीतक थोडं अवघड आहे. सही नाही केली तर वाडी आहे तशी राहील, असं तुम्हाला आणि बहुधा सासूबाईंनाही वाटतं आहे. ती तशी राहणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. ती इमारत पुनर्विकास प्रकल्पातलीच होती. काही कुटुंबं आधीच बाहेर पडली होती, काही राहिली होती. ज्या चाळीच्या गॅलरीला टेकू लागले आहेत, तिथे थांबून राहण्यात किती धोका आहे हे सांगायला चांगला स्ट्रक्चरल इंजिनीअर लागतो. समितीकडे तपासणीचा अहवाल असेल तर त्याची प्रत मागा. नसेल तर बिल्डरच्या खर्चाने नव्हे, भाडेकरूंनी वर्गणी काढून करून घ्या. सासूबाईंशी, मुलाशी, दिरांशी तुम्ही जे काही बोलाल, त्याला तो अहवाल आधार देईल.

आणि पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीत मंडळाने इमारत अतिधोकादायक ठरवली, तर तुमच्या हातातली वाटाघाटीची ताकद एका दिवसात जाते. मग सामान बांधून संक्रमण शिबिरात जायचं, आणि तिथून परत येण्याची तारीख कुणी सांगत नाही. मुंबईत अशी कुटुंबं आहेत ज्यांची एक पिढी शिबिरात म्हातारी झाली आणि नाव अजून मास्टर लिस्टच्या, म्हणजे हक्काच्या घराची वाट पाहणाऱ्यांच्या यादीच्या, प्रक्रियेत आहे. म्हणून इमारत उभी असताना, तुम्ही सगळे आत राहत असताना ठरवणं चांगलं.

याचा अर्थ उद्या जाऊन सही करा, असा मात्र मी म्हणत नाही. सही करायची की नाही, याआधी एक प्रश्न आहे आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नाही: नव्या इमारतीचा नकाशा तुम्ही पाहिला का? २९ जणांपैकी किती जणांनी पाहिला?

चौरस फूट सगळ्यांना पाठ असतात. ३९० चा आकडा मोठा वाटतो, पण त्यातले ३०० चौरस फूट तुम्हाला बिल्डर देत नाही, नियम देतो. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली उपकरप्राप्त इमारतीतल्या निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतलं क्षेत्र, मिळायलाच हवं, खोली कितीही लहान असली तरी. समूह पुनर्विकासाच्या, म्हणजे अनेक इमारती एकत्र घेऊन करण्याच्या योजनेच्या, ३३(९) खाली किमान आकडा ३५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३७६ चौरस फूट आहे. बोलणी होतात ती या किमान आकड्याच्या वरच्या भागावर, आणि नकाशावर. नकाशावर कुणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाडी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो तिथे लोकांना एकत्र उभं राहायला चौक होता म्हणून. गॅलरी सामाईक होती म्हणून कुणाच्या घरी डॉक्टर आला हे सगळ्यांना कळायचं. वाडीचं तोंड रस्त्यावर उघडं होतं म्हणून भाजीवाला, पोस्टमन, शोभायात्रेतला ढोल आत येऊ शकत होता. यातली एकही गोष्ट ३९० चौरस फुटांत येत नाही. ती नकाशात असेल तरच पुढच्या पिढीला मिळेल.

तेव्हा नकाशा मागवा आणि चारजणी मिळून बसून पाहा. पहिलं बघा, भाडेकरूंची इमारत कुठे उभी आहे आणि बाहेरच्यांना विकायची, म्हणजे विक्रीची, कुठे. पुष्कळ प्रकल्पांत विक्रीच्या टॉवरला रस्ता आणि समुद्राची हवा मिळते, भाडेकरूंची इमारत मागे, शेजारच्या भिंतीला चिकटून. या योजनांत इमारतीभोवतीची मोकळी जागा कमी ठेवायला सवलत मिळते. म्हणून तुमच्या खिडकीपासून समोरची भिंत किती फुटांवर आहे हे विचारा आणि उत्तर आकड्यात घ्या. स्वयंपाकघरात आणि संडासात उजेड कुठून येतो? एका मजल्यावर किती घरं आणि त्यांना लिफ्ट किती? खाली पार्किंगचे मजले किती, म्हणजे तुमचं राहणं खरं कितव्या मजल्यापासून सुरू होतं?

मग चौक. सगळ्यांना मिळून बसता येईल अशी जागा जमिनीवर आहे की सातव्या मजल्याच्या पोडियमवर? ती तुमच्या सोसायटीच्या मालकीची की विक्रीच्या इमारतीच्या 'क्लब'ची? गणपती कुठे बसणार हा भाबडा प्रश्न समजू नका. त्या एका प्रश्नातून बिल्डरने सामाईक जागा कुणाच्या नावाने ठेवली आहे ते उघड होतं. वाडीतून पलीकडच्या गल्लीत जाण्याची पायवाट असेल तर ती वहिवाट नकाशात दाखवली आहे का तेही बघा, नाहीतर तिथे गेट आणि सिक्युरिटीची केबिन येते. तळमजल्यावरच्या दुकानदारांना आहे तेवढं क्षेत्र परत मिळण्याचा हक्क आहे, पण ते दुकान रस्त्याला तोंड करून असेल की पार्किंगच्या रॅम्पमागे, हे करारात लिहून घ्यावं लागतं. कांदेवाडीतले लग्नपत्रिकांचे छापखाने असोत की तुमच्या नाक्यावरचा वाणी, रस्त्यावरचं गिऱ्हाईक गेलं की तो धंदा महिन्याभरात बसतो.

यावर आणखी एक विचार समितीपुढे ठेवा. तुमच्या वाडीत शेजारच्या इमारती किती जुन्या आहेत? एकेका चाळीचा वेगळा टॉवर झाला की प्रत्येकाची मोकळी जागा चिंचोळी पट्टी होते. त्याच इमारती एकत्र आल्या तर मधला चौक वाचवता येतो. ३३(७) मध्ये बिल्डरला प्रोत्साहन म्हणून मिळणारं बांधकाम एका भूखंडाला भाडेकरूंसाठीच्या बांधकामाच्या ५० टक्के, दोन ते पाच भूखंड एकत्र आल्यास ६०, आणि सहा किंवा त्याहून अधिक असल्यास ७० टक्के असतं. म्हणजे एकत्र येण्यात त्याचाही फायदा आहे. ४,००० चौरस मीटर जागा होत असेल तर समूह पुनर्विकासाचा मार्गही खुला होतो. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवर हा प्रयोग चालू आहे. २००९ पासून सुरू झालेलं ते काम बघता समूह योजना झटपट होतात असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि ८३ वर्षांच्या माणसाच्या घरात ही गोष्ट मोजायलाच हवी. तरीही शेजारच्या दोन चाळींच्या समित्यांशी एकदा बोलून बघायला काय हरकत आहे?

काहीजण तुम्हाला खोताच्या वाडीचं उदाहरण देतील, ती वाचली मग आपली का नाही म्हणून. मला खोताच्या वाडीबद्दल फार ममत्व आहे. पण ती वारसा यादीत आहे, तिथली घरं बहुतेक त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या मालकीची आहेत, आणि तरीही एके काळच्या ६५ घरांतली निम्मीसुद्धा आज शिल्लक नाहीत. तुमच्या चाळीत राहणारे मालक नाहीत आणि मालक तिथे राहत नाही. दुरुस्ती करून इमारत टिकवायची तर पैसा कुणी घालायचा, याला उत्तर असेल तर तो पर्याय जरूर तपासा. रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होतं आणि २०१६ मध्ये ते दिमाखात पुन्हा उघडलं, कारण खर्च करणारा मालक होता. भाडेकरूंनी मिळून मालमत्ता घेण्याची तरतूदही म्हाडा कायद्यात १९८६ पासून आहे, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन. मालकांनी तिला आव्हान दिलं, त्या वादातला घटनात्मक मुद्दा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठापर्यंत गेला आणि त्यावरचा निकाल लागायला ५ नोव्हेंबर २०२४ उजाडला. टेकू लावलेल्या इमारतीने त्या वाटेवर विसंबून बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सासूबाई. समिती म्हणते तुम्ही समजूत काढा, मुलगाही तेच म्हणत असणार, आणि पती गप्प राहून तेच सांगत आहेत. हे काम तुमचं एकटीचं का? त्या खोलीवर त्यांच्या मुलाचा जेवढा जीव असेल तेवढा सुनेचाही असेल, पण आईशी हा विषय आधी मुलाने काढायला हवा. तुम्ही मध्ये पडलात की उद्या काहीही बिघडलं तरी "सुनेने सही करायला लावली" एवढंच उरेल. यजमानांना तसं स्पष्ट सांगा.

आणि समजूत काढायला बसण्याआधी, त्या नेमकं कशाला घाबरतात ते विचारा. "माझ्या हयातीत पाडायची नाही" असं म्हणणाऱ्या बाईला भिंतींचा लोभ आहे, असं आपण धरून चालतो. कदाचित त्यांची भीती वेगळीच असेल: की भाड्याच्या परक्या घरात, विरार-नालासोपाऱ्याकडे कुठेतरी, ओळखीचं कुणी नसताना डोळे मिटतील. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. बिल्डर देतो त्या भाड्यात गिरगावात किंवा फार तर ग्रँट रोड, चिराबाजारपर्यंत जागा मिळते का, हे आजच एजंटला विचारा. मिळत नसेल तर भाड्याचा आकडा वाढवून मागायचं ते एक ठोस कारण झालं. ज्येष्ठांना जवळपास जागा मिळावी ही मागणी एकट्या तुमच्या घराची नको. तुमच्या ४२ बिऱ्हाडांत ७५ च्या पुढचे किती असतील? त्यांची यादी करा आणि ती अट सगळ्यांच्या वतीने घाला.

रात्री दोन वाजता सामाईक संडासापर्यंत भिंत धरत जाणं त्यांना कसं होतं, तेही विचारा. मागच्या वर्षात जिना उतरून त्या किती वेळा खाली आल्या? हे उत्तर त्यांना स्वतःलाच द्यायचं आहे, तेव्हा हरवण्यासाठी नको, ऐकण्यासाठी विचारा. हे सगळं बोलूनही त्या नाहीच म्हणाल्या, तर त्यांच्या नाहीला मान द्या आणि ती समितीला लेखी कळवा. मात्र त्यांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ३३(७) साठी ५१ टक्के संमती पुरते, ४२ मधले २९ म्हणजे ती केव्हाच ओलांडली आहे. पुढे मंडळाची ना-हरकत मिळाल्यावर न निघणाऱ्यांना जागा रिकामी करायला लावण्याची तरतूद म्हाडा कायद्याच्या ९५-अ कलमात आहे. एका घराच्या नकाराने चाळ थांबणार नाही. उरलेल्या तेरा घरांनी एकत्र येऊन अटी मांडल्या तर त्या मात्र ऐकाव्या लागतील, कारण कोर्टकज्जा टाळणं बिल्डरला स्वस्त पडतं.

पावतीचं काम यापेक्षाही तातडीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे निवासी भाडेकरू वारल्यावर, त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेकरूपणा जातो. सासरे गेले तेव्हा सासूबाई आणि तुमचे यजमान त्याच खोलीत राहत होते. रेशनकार्ड, मतदार यादी, लाइटबिल, गॅसची जुनी पुस्तिका, हे कागद एकत्र करा आणि पावती बदलण्याचा अर्ज मालकाकडे लेखी द्या, पोच घ्या. मंडळाकडून भाडेकरूंची प्रमाणित यादी होते तेव्हा नाव बरोबर नसेल तर पुढे वर्षानुवर्षं निस्तरत बसावं लागतं. दिरांचा हक्क किती हे भाडे कायद्याच्या जाणकार वकिलाला कागद दाखवून विचारा. पण कायदा काहीही म्हणो, बांधकाम चालू असताना भावाभावांत वाद उभा राहिला तर घराचा ताबा अडकू शकतो. दोघांनी आईसमोर बसून काय ते ठरवावं आणि लिहून ठेवावं, मग सही.

मुलाला खलनायक करू नका. १९० चौरस फुटांत त्याचं बालपण आणि अभ्यास झाला, लग्नाचं बोलणं निघालं की जागेचा विषय येत असेल. त्याला मोठं घर हवंसं वाटणं अगदी बरोबर आहे. फक्त नवं घर हातात येण्याआधी ते विकण्याचे बेत ठरवू नका, आणि त्यावर कर्ज किंवा कुणाचा आगाऊ पैसा तर मुळीच घेऊ नका. नवं घर झाल्यावर, आजी असेपर्यंत ते विकायचं नाही एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्या. पुढे तो ठाण्याला गेला तरी वाडीशी गद्दारी होत नाही. बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्या वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. त्यातले किती तिथे राहतील हा त्यांचा त्यांनी ठरवण्याचा विषय आहे. घराचा हक्क मिळाला हे महत्त्वाचं.

सहीच्या कागदांबद्दल सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. संमतीपत्र आणि कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीपत्रात काय लिहिलंय ते वाचा, कोरी जागा असेल तर रेघ मारा, झेरॉक्स घ्या. तुम्ही दिलेली संमती अटींसह असू शकते, त्या अटी कागदावर हाताने लिहिल्या तरी चालतील. पण खोलीची किल्ली हा तुमचा शेवटचा हुकमी एक्का आहे. नोंदणी झालेला करार हातात आल्याशिवाय, त्याला मजला, घराचा क्रमांक, कार्पेट क्षेत्र आणि मंजूर नकाशा जोडलेला असल्याशिवाय, मंडळाची ना-हरकत आणि महापालिकेच्या परवानग्या पाहिल्याशिवाय, आणि भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक किंवा बँक गॅरंटी मिळाल्याशिवाय ती देऊ नका. काम लांबलं तर भाडं चालू राहील आणि वाढेल, हे करारात हवं. भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय घरात राहायला जाऊ नका. गोरेगावच्या पत्रा चाळीतल्या ६७२ कुटुंबांनी २००८ च्या करारानंतर घरं रिकामी केली, भाडं बंद पडलं, आणि २०१८ मध्ये म्हाडाला प्रकल्प ताब्यात घ्यावा लागला. ती माणसं बेसावध होती असं नाही. त्यांच्या हातात किल्ली उरली नव्हती.

बिल्डरची चौकशी महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर करता येते. त्याचे आधीचे प्रकल्प, दिलेली मुदत, वाढवलेली मुदत आणि तक्रारी तिथे दिसतात. मात्र रेराचा आधार मुख्यतः घर विकत घेणाऱ्याला आहे, पुनर्वसनातल्या भाडेकरूला त्यावर विसंबता येत नाही. म्हणून तुमचा करार भक्कम हवा. त्याने आधी बांधलेल्या एखाद्या इमारतीत रविवारी सकाळी जा आणि तिथल्या जुन्या भाडेकरूंना गाठा. लिफ्ट बंद पडल्यावर कोण येतं, मेंटेनन्स किती येतो, कॉर्पसचं व्याज त्याला पुरतं का, हे त्यांच्याकडून कळेल. पागडीवर काहीशे रुपये भरणाऱ्या घराला दरमहा काही हजारांचा मेंटेनन्स आला की घर विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. गिरगावातून मराठी माणूस जातो तो बऱ्याचदा अशा बिलामुळे, टॉवर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी. त्यामुळे विक्रीच्या इमारतीच्या स्विमिंग पूल आणि जिमचा खर्च तुमच्या बिलात येणार नाही, हे आधीच वेगळं करून घ्या आणि कॉर्पसची रक्कम त्या हिशेबाने मागा.

पुढच्या बैठकीला तुम्ही एकट्या जाऊ नका, यजमानांना घेऊन जा. नकाशाची प्रत, तपासणीचा अहवाल आणि कराराचा मसुदा, या तीन गोष्टी लेखी मागा आणि वाचायला पंधरा दिवस घ्या. आणि समितीच्या अध्यक्षांना सांगा की सासूबाईंना भेटायचं असेल तर त्यांनी स्वतः घरी यावं, नकाशा सोबत आणावा, आणि त्यांची खिडकी कोणत्या बाजूला उघडणार ते त्यांना बोट ठेवून दाखवावं.